कोणी वापरत नसताना जळणारी वीज: ती शोधायची कशी, थांबवायची कशी

वीज वाचवायची म्हटलं की घरात पहिला हुकूम सुटतो तो दिव्यांवर. खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवावा, यात वाद नाही. पण हिशेब करून बघा. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज पाच तास विनाकारण जळला, तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. त्याच घरात देवघरात लाल झीरोचा बल्ब चोवीस तास चालू असतो. त्याचं नाव झीरो असलं तरी जुन्या तारेचा असा बल्ब १२ ते १५ वॅट खातो, म्हणजे महिन्याला नऊ ते अकरा युनिट. मुलांना दिव्यावरून ओरडायचं आणि हा बल्ब वर्षानुवर्षं तसाच ठेवायचा, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा: वस्तू किती वॅटची आहे याइतकंच ती किती तास चालते हेही महत्त्वाचं आहे. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. १० वॅटची वस्तू अहोरात्र चालू राहिली की महिन्याला सात युनिट. हा दुसरा आकडा पाठ करून ठेवा, पुढे सारखा लागेल. मिक्सर, इस्त्री, घरघंटी या मोठ्या वॅटच्या वस्तू आपण वापरतो तेवढाच वेळ चालतात. तिथे काटकसर करायला जाऊ नका, त्रास जास्त आणि फायदा नगण्य. मोबाइलचा चार्जर नुसता प्लगमध्ये राहिला तर तो खातो तेही किरकोळ. खरी गळती असते ती चोवीस तास चालणाऱ्या आणि कुणाच्या लक्षातच न येणाऱ्या वस्तूंत.

आधी बिल नीट वाचा

बहुतेक जण बिलावरची रक्कम आणि शेवटची तारीख एवढंच बघतात. तुम्ही युनिट बघा. चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि दोहोंतला फरक. मीटरवर आज दिसणारा आकडा बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा थोडा पुढे असायला हवा. तो मागे असेल किंवा रीडिंगच्या जागी काही वेगळाच शेरा असेल, तर बिल सरासरीने आलेलं असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकीच्या आकड्यावर उभा राहील.

मग मागच्या महिन्यांचा वापर बघा. एप्रिल-मे वर गेलेले असतील तर पंखे आणि एसी, डिसेंबर-जानेवारी वर गेले असतील तर गिझर. सगळ्यात कमी युनिटचा महिना शोधा. त्या महिन्यात ना फार उकाडा होता, ना फार गारठा, तरीही जे युनिट पडले तो तुमच्या घराचा पाया. बारा महिने भरावा लागतो तो हाच भाग.

यात टप्प्यांचा खेळ लक्षात घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांत आहेत: पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर वेळोवेळी बदलतात, पण १०० च्या पुढचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटपेक्षा जवळपास दुप्पट महाग पडतं. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. महिन्याला १३५ युनिट वापरणाऱ्या घराने ३५ युनिट कमी केली, तर ती सगळी महागड्या टप्प्यातली असतात. वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात महाग युनिट असतं. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचं बिल असेल तर आकडे वेगळे असतील, तत्त्व हेच.

मीटरलाच विचारा

बाजारात प्लगमध्ये लावायची वॅट मोजणारी यंत्रं मिळतात, पण ती घेण्याआधी घरातलं मीटर वापरा. ते फुकट आहे आणि पुष्कळ काही सांगतं.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी इंग्रजीत ३२०० आयएमपी/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. अर्थ सरळ आहे: ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं. काही मीटरवर १६०० किंवा ६४०० असतं, तुमचा आकडा बघून घ्या. आता मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजा. ३२०० च्या मीटरला ११२५ भागिले ते सेकंद, की त्या क्षणी घर किती वॅट खातंय ते कळतं. (१६०० असेल तर २२५० ला भागा, ६४०० असेल तर साधारण ५६२ ला.) दर दहा सेकंदांनी लुकलुकलं तर सुमारे ११२ वॅट. दर चाळीस सेकंदांनी लुकलुकलं तर २८ वॅट.

२८ वॅट ऐकायला काहीच वाटत नाही. पण घरातली सगळी बटणं बंद असताना हा आकडा येत असेल, तर महिन्याला वीस युनिट कुणी न वापरता जळतायत.

चाचणी करायची ती अशी. रात्री जेवणं आटोपली की घरातले दिवे, पंखे, टीव्ही, गिझर सगळं नेहमी बंद करता तसंच बंद करा, रिमोटने बंद करत असाल तर रिमोटनेच. फ्रिज तेवढा अर्धा तास बटणाने बंद करा, आतलं काही बिघडत नाही. आता मीटरपाशी जाऊन सेकंद मोजा. सोसायटीत मीटर खाली मीटर रूममध्ये असतात, तेव्हा आपल्या ग्राहक क्रमांकाचा मीटर नेमका कोणता ते आधी खात्री करून घ्या आणि घरात एक माणूस फोनवर ठेवा.

दोन-तीन मिनिटांत एकदाही लुकलुकलं नाही तर घर स्वच्छ आहे. लुकलुकलं, तर घरातल्या माणसाला डीबीतले, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीतले, एमसीबी (एकेका लाइनचे खटके) एकेक करून खाली करायला सांगा. ज्या एमसीबीनंतर लुकलुकणं थांबेल किंवा मंदावेल, त्या लाइनवर चोर आहे. मग त्या लाइनवरचे प्लग एकेक करून काढत जायचं. अर्ध्या तासात बहुतेक गोष्टी सापडतात. झाल्यावर फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नका.

मेन स्विच बंद करूनही मीटर लुकलुकत राहिलं, तर प्रकरण गंभीर आहे. मीटर आणि तुमचं घर यांच्यामधल्या वायरमध्ये गळती असेल किंवा त्या वायरवर दुसऱ्याच कुणाचा भार जोडलेला असेल. जुन्या इमारतींत जिन्यातला दिवा कुणा एकाच्या मीटरवर निघणं फार नवलाचं नाही. इथे स्वतः हात घालायचा नाही. मीटरचं सील आणि मीटरकडून येणारी वायर यांना परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणि वीज कंपनीचा माणूस यांच्याशिवाय कुणी शिवू नये.

सगळे प्लग काढलेले, बटणं बंद, तरी एखादी लाइन वीज खात असेल तर दोन शक्यता. एक, विसरलेली वस्तू: माळ्यावरचा एक्झॉस्ट, बाहेरच्या गेटचा दिवा, बेलचा ट्रान्सफॉर्मर. दुसरी, जमिनीत जाणारी गळती. पावसाळ्यात भिंती ओलावल्या की जुन्या वायरिंगमध्ये हे होतं. बऱ्याच मीटरवर ई/एल असं लिहिलेला वेगळा दिवा असतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येत नसेल तर तो पेटतो. तो पेटलेला दिसला तर त्याच आठवड्यात वायरिंग तपासून घ्या. पैशांपेक्षा इथे जिवाचा प्रश्न आहे. आणि आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारी डबी, वारंवार पडते म्हणून ती काढून लाइन 'डायरेक्ट' करून देणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा. त्या डबीचं काम ३० मिलिअँपिअरच्या गळतीला लाइन तोडणं आहे. ती पडते म्हणजे ती आपलं काम करते आहे.

चोवीस तास चालणाऱ्या वस्तू

झीरोच्या बल्बचं झालं. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प लावा. खर्च एका वडापावच्या आसपासचा ते फार तर दोन-चार वडापावांचा, आणि फरक पहिल्याच बिलात.

सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला की टीव्ही काळा होतो, पण डबी आतून जागीच असते. बऱ्याच बॉक्सची वीज चालू असताना आणि 'बंद' असताना जवळपास सारखीच जाते, साधारण दहा वॅट. दोन खोल्यांत दोन बॉक्स असले तर महिन्याला चौदा युनिट, त्यातली निम्म्याहून अधिक कुणी टीव्ही बघत नसताना. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा. अडचण एकच: ते बटण टीव्हीच्या मागे, जिथे हात जात नाही तिथे असतं. मग स्विचचा एक्सटेन्शन बोर्ड घेऊन तो पुढे, हाताशी बसवा. सवय लावण्यापेक्षा बटण जवळ आणणं सोपं आणि ते टिकतं. सकाळी बॉक्स सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, एवढं सोसावं.

एसीचा स्टॅबिलायझर थंडी-पावसाळ्यातही तसाच चालू राहतो. एसीचा मोसम संपला की त्या लाइनचा एमसीबीच खाली करा. वायफायचा राउटर रात्री बंद करायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. सहा-आठ वॅटचा प्रश्न आहे, आणि घरात कुणी आजारी किंवा एकटं राहत असेल तर तो चालूच बरा.

इन्व्हर्टरकडे मात्र नीट बघा. भारनियमनाच्या काळात घरोघरी आला आणि आता लाइट क्वचित जाते तरी तो कोपऱ्यात गुणगुणत असतो. बॅटरी जुनी झाली की ती कधी पूर्ण भरतच नाही, आणि इन्व्हर्टर तिला दिवसरात्र भरत राहतो. लाइट गेलेली नाही अशा दिवशी, बॅटरी भरलेली असायला हवी तेव्हा, मीटरवर सेकंद मोजून इन्व्हर्टर चालू आणि बंद असतानाचा फरक काढा. फरक मोठा आला आणि बॅटरी हाताला गरम लागत असेल, तर तिचं आयुष्य संपत आलंय. पाण्याची पातळी तपासा, डिस्टिल्ड वॉटरच घाला. आणि तुमच्या भागात लाइट जातच नसेल म्हणून तो बंद ठेवणार असाल, तर दर महिन्याला एकदा बॅटरी पूर्ण चार्ज करा, नाहीतर ती पडून खराब होईल.

ही सगळी वीज कुठून येते तेही सांगायला हवं. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ इथल्या केंद्रांत एक युनिट तयार व्हायला अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. म्हणजे महिन्याला वीस युनिट गळणाऱ्या घरामागे दहा किलोहून अधिक कोळसा, त्याची राख आणि धूर, आणि तो चंद्रपूरच्या माणसांच्या छातीत जातो. वापरलेल्या विजेसाठी हे होतंच. कुणीच न वापरलेल्या विजेसाठी तरी ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

फ्रिज

फ्रिज बंद करता येत नाही, त्यामुळे त्याचा कॉम्प्रेसर कमी वेळ कसा चालेल एवढंच बघायचं. दाराचं रबर तपासा: शंभराची नोट दारात अर्धी अडकवून दार लावा आणि ओढा. नोट अलगद निसटून आली तर तिथून गारवा बाहेर जातोय. चारही बाजूंनी असं करा, खालच्या कोपऱ्यात रबर हमखास सैल झालेलं असतं. आधी कोमट पाणी आणि साबणाने ते पुसा, चिकट मळ निघाला की कित्येकदा तेवढ्याने भागतं. नाहीतर रबर बदलून मिळतं.

मागे आणि बाजूला वारा खेळायला जागा हवी. गॅसच्या शेगडीला खेटून किंवा दुपारचं ऊन येणाऱ्या खिडकीखाली फ्रिज असेल तर तो बारा महिने झगडतो. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर बोटाच्या जाडीचा होण्याआधी डीफ्रॉस्ट करा. थंडीत आणि पावसाळ्यात आतलं बटण एका आकड्याने कमी करा; उन्हाळ्यात लावलेला आकडा आपण तसाच ठेवतो. दूध तापवलं की साईसाठी पातेलं लगेच आत जातं, ते आधी परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत उतरतं.

नवा फ्रिज घेताना नुसते तारे मोजू नका. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो, आणि लेबल कोणत्या वर्षाचं आहे तेही. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्या लेबलचे पाच तारे एक नव्हेत. आणि नवा आल्यावर जुना फ्रिज 'असू दे पाण्याच्या बाटल्यांना' म्हणून पडवीत चालू ठेवला, तर मुद्दा संपलाच.

पंखे आणि गिझर

पैसे खर्च करून वीज वाचवायची असेल तर मी पहिला रुपया पंख्यावर घालीन. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा पंखा, साधारण ३० वॅट. रोज पंधरा तास चालणाऱ्या पंख्याचे महिन्याला ३४ युनिट होतात, बीएलडीसीचे साडेतेरा. एका पंख्यामागे वीस युनिट. महागड्या टप्प्यात असाल तर वर्ष-दीड वर्षात त्याची किंमत वसूल होते. सगळे एकदम बदलायची गरज नाही. सगळ्यात जास्त तास चालतो तो आधी, बहुधा झोपायच्या खोलीतला किंवा आजी-आजोबांच्या खोलीतला. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर त्या लाइनमधून काढून टाकायला सांगा, नाहीतर पंखा नीट चालत नाही आणि खराबही होऊ शकतो.

पंखा बदलायचा नसेल तर निदान जुना, मोठा डबीसारखा रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक लावा. जुना रेग्युलेटर वेग कमी करतो तो वीज स्वतःमध्ये उष्णता करून. हात लावलात तर गरम लागेल. आणि पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. रिकाम्या खोलीत तो फिरण्याला काही अर्थ नाही.

गिझरबद्दल एक गैरसमज आहे की ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर २००० वॅटच्या स्टोरेज गिझरपेक्षा जास्त वीज खातो. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला लागणारी वीज जवळपास सारखीच असते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.६ युनिट, मग ते कशातही तापवा. वाया जाते ती तापलेलं पाणी टाकीत गार होताना आणि नळीत अडकून राहिलेलं पाणी फेकताना. स्टोरेज गिझरवरचे तारे हे टाकीतून उष्णता किती निसटते त्याचे असतात. म्हणून तो चालूच ठेवून विसरणारं घर असेल तर तारे महत्त्वाचे; वीस मिनिटं आधी लावून लगेच आंघोळी उरकणारं घर असेल तर तेवढे नाहीत.

थर्मोस्टॅट ७० वर असेल तर ५०-५५ वर आणा. नाहीतरी त्यात बादलीभर गार पाणी मिसळतोच. बोअरच्या जड पाण्याच्या गावात कॉइलवर क्षार बसतात, जास्त तापमानाला ते लवकर बसतात आणि पाणी तापायला वेळ वाढत जातो. पूर्वी वीस मिनिटांत तापणारं पाणी अर्धा तास घेत असेल तर कॉइल साफ करून घ्या. सकाळच्या आंघोळी एकामागोमाग लावा. गिझरचं बटण न्हाणीघराच्या बाहेर आणि दिवा असलेलं घ्या, म्हणजे चालू राहिलेला लांबून दिसतो.

उरलेलं थोडक्यात

एसी २४ अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा हळू लावा. भारतात २०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ वरच सुरू होतात, ते विनाकारण नाही: एकेक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. मोसमात दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा. दाराखालची फट गोधडीने किंवा पट्टीने बुजवा.

जुनी ट्यूब काढून त्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवली असेल तर आतला चोक आणि स्टार्टर काढलाय का बघा. तांब्याचा चोक लाइनमध्येच राहिला तर तो काही वॅट खात बसतो.

बंगला किंवा गावचं घर असेल तर पंप तपासा. एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. टाकी भरून वाहतेय आणि पंप चालूच, हे दृश्य आपल्याकडे नेहमीचं. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवला की ते थांबतं, वीज आणि पाणी दोन्ही वाचतं. टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह गळतोय किंवा पाइपात हवा धरलीय. सोसायटीत हेच सार्वजनिक मीटरवर होतं आणि मेंटेनन्समधून सगळ्यांकडून वसूल होतं, म्हणून जिन्यातले दिवे आणि पंप यांची युनिटं सर्वसाधारण सभेत एकदा मागून बघा.

फरक पडला का, ते लिहून ठेवा

दर रविवारी सकाळी मीटरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. आठवड्याचे युनिट समोर दिसू लागले की कोणत्या बदलाने किती फरक पडला ते आपोआप कळतं. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. गावाला जाताना कुलूप लावण्याआधी मीटरचा फोटो काढा आणि आल्यावर पुन्हा. फक्त फ्रिज चालू असलेलं घर दिवसाला एखाद्या युनिटहून फारसं जास्त खायला नको.

आणि हे सगळं करूनही, मेन बंद असताना मीटर थांबतं, घरातल्या वस्तूंचा हिशेब जुळतो, पण बिलाचे युनिट जुळतच नाहीत असं झालं, तर मीटरच तपासून घ्यायची वेळ आली. वीज कंपनीकडे मीटर चाचणीसाठी अर्ज करता येतो, त्याला शुल्क असतं. अर्जासोबत तुमच्या आठवड्यांच्या नोंदी जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.